अडलेला निर्णय कसा सुटला? तुमचे अनुभव लिहा

घरावर नळेच (कौलं) ठेवायचे की स्लॅब टाकायचा, हे ठरवण्यात आमचे तीन पावसाळे गेले. दर मे महिन्यात मेस्त (मिस्त्री) यायचा, माप घ्यायचा, चहा पिऊन जायचा. चौथ्या वर्षी वासा मोडला आणि आमचं ठरलं. तुमचं कसं ठरलं? उपदेश नको, घडलेलं लिहा.

डिचोली
२०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारे ट्रक, होते, दोन्हींवर कर्ज. बाबा म्हणाले, सहा महिन्यांत सुरू होतील. सगळा गाव तेच म्हणत होता. एका रात्री स्वतःला विचारलं, हा टिप्पर माझा नसता तर आज मी तो घेतला असता? एक लगेच विकला, तोट्यात. दुसऱ्याच्या बाबतीत तोच प्रश्न विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या केबिनवर बाबांनी आईचं नाव रंगवून घेतलं होतं. तो अंगणात उभा राहिला. हौद्यात पावसाचं पाणी साचायचं, डास होतात म्हणून आई त्यात रॉकेल ओतायची. मधे खाणी थोड्या चालल्या, २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद. शेवटी भंगारात दिला.

बेती
सासूबाई मालीम जेटीवर लिलावात मासळी घ्यायच्या. बांगड्याचा कल्ला उघडून लाली बघायची, भाव ऐकायचा, बस्स. ‘जास्त विचार केला तर बर्फ वितळतो गो.’

कवळे
इथे गोव्यात वडिलोपार्जित घर विकायचं तर सगळ्या भावंडांच्या आणि त्यांच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतात. आमच्या अकरा. दहा तयार, काका सहा वर्षं ‘बघूया’वर. शेवटी देवाला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला; कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचं उत्तर कळतं. भटजींनी ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. अर्धा तास झाला तरी पाकळी हलेना. ‘फाल्यां यात,’ उद्या या, भटजी म्हणाले. काकांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. पायरी उतरताना काकूने विचारलं, ‘अहो, तुम्हाला विकायचंच नाही ना?’ ‘नाही.’ सहा वर्षांत हे थेट कुणी विचारलंच नव्हतं! घर आहे अजून. डागडुजीचा खर्च आता काकांकडेच.

मडगाव
मी मात्र घाई न करणाऱ्यांतला. वडिलांचा जन्म १९६१च्या आधीचा, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टची वाट मोकळी. पण तो घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. चुलतभावाने पंधरा दिवसांत ठरवलं, लंडनला गेला. माझे कागद चार वर्षं कपाटात आहेत. दर चवथीला त्याचा व्हिडिओ कॉल येतो, मी फोन माटोळीकडे, गणपतीवर टांगलेल्या रानफळांच्या छताकडे, धरतो. गणपती बघायच्या आधीच तो माटोळीतल्या रानफळांचं विचारतो, ‘यंदा कांगलां मिळाली?’