मोठ्या ऑपरेशनआधी जोखमीचा आकडा रुग्णाला सांगावा का?

निशिगंध:
मी भूलतज्ज्ञ आहे. मोठं ऑपरेशन ठरलं की ‘हाय रिस्क आहे’ एवढंच बोलून कागदावर सही घेतात, हे मला आता सहन होत नाही. हाय म्हणजे किती? शंभरात दोन की शंभरात तीस? दोन्हींना शब्द एकच.

मोजता येतं, तर मोजा आणि सांगा. १९९१ साली आलेला, ऑपरेशनचा धोका मोजणारा पॉसम स्कोअर रुग्णाच्या १२ गोष्टी बघतो (वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, युरिया वगैरे) आणि ऑपरेशनच्या ६. हृदयाच्या धोक्यासाठी १९९९ चा ली निर्देशांक आहे. त्यात प्रश्न फक्त सहा: ऑपरेशन मोठ्या जोखमीचं आहे का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हार्ट फेल्युअर, पूर्वी पक्षाघात, मधुमेहासाठी इन्सुलिन, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २ च्या वर. दोन मिनिटांचं काम.

आकडा नकार द्यायला नको आहे, तयारीला हवा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तातडीने पोट उघडायच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय तपासणी चालते. तिथे मृत्यूची शक्यता ५ टक्के किंवा वर गेली की ज्येष्ठ सर्जन आणि भूलतज्ज्ञ स्वतः हजर हवेत, आणि नंतर अतिदक्षता विभागात खाट हवी, असा दंडक आहे. ‘हाय रिस्क’ या शब्दाने खाट मिळत नाही. आकड्याने मागता येते.

उंबर:
निशिगंध, तुमची तळमळ पोचली. पण मी सर्जन आहे आणि मला हा भरवसा पटत नाही.

पॉसमचंच घ्या. त्याचं गणितच असं होतं की अगदी ठणठणीत माणसाचाही मृत्यूचा धोका १.०८ टक्क्यांखाली उतरायचाच नाही. हर्नियाच्या तरुण पेशंटला हे सांगायचं? पोर्टस्मथच्या मंडळींनी १९९८ मध्ये ते दुरुस्त केलं, मान्य. पण त्या सहा गोष्टींतल्या रक्तस्राव आणि पोटातली घाण या दोन तर पोट उघडल्यावरच कळतात. आधी भराल ते अंदाजाने.

दुसरी भीती मोठी आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९०च्या दशकात बायपासचे निकाल सर्जनच्या नावानिशी जाहीर करायला सुरुवात केली. फार आजारी रुग्णांना सर्जन टाळू लागले का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. आकडा समोर आला की हात आखडतो. ज्याला ऑपरेशनवाचून दुसरा मार्गच नाही, त्याच्यावर ‘२५ टक्के’ लिहून तुम्ही त्याचं दार बंद करता.

पाणकणीस:
मी डॉक्टर नाही. वडिलांच्या आतड्याच्या ऑपरेशनआधी आम्हाला आकडा सांगितला होता, शंभरातले बारा. बाबांनी विचारलं, “उरलेल्या अठ्ठ्याऐंशीतले किती स्वतःच्या पायांनी घरी जातात?” खोलीतलं कुणीच काही बोललं नाही.

बाबा अठ्ठ्याऐंशीत होते. पण चार महिने अंथरुणात होते, नंतर काठी आली ती कायमची. तुम्ही दोघं जगणार-मरणार यावर भांडताय. त्यांना भीती परावलंबी होण्याची होती आणि तो रकाना कुठे नव्हता.

चकोर:
आकडेवारी हा माझा विषय, म्हणून थोडं. स्कोअरची परीक्षा दोन प्रकारे होते. जास्त धोक्याच्या रुग्णाला तो कमी धोक्याच्या रुग्णाच्या वर ठेवतो का, ही एक. आणि १० टक्के म्हटलेल्या शंभर जणांत खरोखर दहाच्या आसपास जातात का, ही दुसरी. पहिलीत पास झालेला स्कोअर दुसऱ्या देशात, दहा वर्षांनी, दुसरीत नापास होऊ शकतो. तेव्हा उंबर यांची शंका रास्त आहे. ज्या रुग्णालयात वापरायचा, तिथल्या रुग्णांवर तो ताडून घ्यायलाच हवा.

पण नुसत्या डॉक्टरच्या नजरेवरही विसंबू नका. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात ज्या रुग्णांची शारीरिक क्षमता यंत्रावर खरोखर कमी भरली, त्यांतले जेमतेम १९ टक्के डॉक्टरांच्या नजरेने ओळखले होते. आणि २०२० मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या २२ हजारांवर रुग्णांत दिसलं की सॉर्ट हा ऑपरेशनच्या धोक्याचा स्कोअर आणि डॉक्टरचा अंदाज जोडून घेतला, तर तो एकत्र अंदाज सुट्या दोन्हींपेक्षा सरस ठरतो. ‘स्कोअर की अनुभव’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातोय.

उंबर:
१९ टक्के वाचून थांबलो. मला वाटत होतं आम्ही बरं ओळखतो.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. २००९ मध्ये अमेरिकी रुग्णालयांची तुलना झाली. सर्वांत कमी मृत्यूंच्या रुग्णालयांत गुंतागुंत २४.६ टक्के, सर्वांत जास्त मृत्यूंच्या रुग्णालयांत २६.९, म्हणजे जवळपास सारखीच. मृत्यू मात्र ३.५ आणि ६.९ टक्के. गुंतागुंत झाल्यावर ती कुणी, किती लवकर पकडली, त्यावर जीव अवलंबून. रात्री तीन वाजता नाडी १२० झालीय हे कोण बघणार, याचा रकाना तुमच्या स्कोअरमध्ये आहे?

निशिगंध:
नाही. आणि म्हणूनच मला तो आकडा आदल्या दिवशी हवा आहे. रात्री तीनला बघायला माणूस हवा, हे मी प्रशासनाला कशाच्या जोरावर सांगू? “मला बरं वाटत नाहीये” म्हणून? दार बंद करायला आकडा वापरणाऱ्याशी मी तुमच्या बाजूने भांडेन.

पाणकणीस, तुमच्या वडिलांचा प्रश्न मला लागला. अमेरिकी सर्जन संघटनेच्या कॅल्क्युलेटरमध्ये घरी न जाता शुश्रूषा केंद्रात जावं लागण्याची शक्यताही दिसते. मी ती ओळ आजवर वाचून दाखवलेली नाही. मृत्यूची टक्केवारी सांगायची आणि पुढे जायचं, असंच करत आले. यापुढे आधी विचारेन, तुम्हाला कशाची धास्ती आहे, आणि मग तो आकडा शोधेन.

पाणकणीस:
बाबांनी ऑपरेशनला होच म्हटलं असतं. पण पलंग खालच्या खोलीत आणायचा, मी रजा किती टाकायची, आईला रात्री सोबत कोण, हे आम्ही आधी ठरवलं असतं. ते सगळं घाईत, त्यांच्यासमोर ठरलं, आणि ते ऐकत पडून होते.