मदत हवी आहे: स्नोमोबाइलवरून जिओकॅशिंग (उत्तर मिनेसोटा), तळ्यावरून जावं का?

रानजाई:
नमस्कार मंडळी,

आम्ही मिनिआपोलिसजवळ राहतो. दर फेब्रुवारीत तीन-चार दिवस सुपीरियर सरोवराच्या उत्तर काठाला, म्हणजे नॉर्थ शोअरला, जाऊन भाड्यानं स्नोमोबाइल (पुढे स्की, मागे पट्टा असलेली बर्फावरची गाडी) घेतो. चौदा वर्षांच्या लेकीला जिओकॅशिंगचं वेड आहे. जीपीएसवर अक्षांश-रेखांश टाकायचे, कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. (इंग्रजीत त्या डब्याला कॅश म्हणतात, पण घरात आम्ही डबाच म्हणतो. कॅश म्हटलं की आजीला पैसेच वाटतात.)

गेल्या वर्षी डुलुथ ते ग्रँड मरे या १४६ मैलांच्या नॉर्थ शोअर स्टेट ट्रेलवर होतो. बाण दाखवत होता, डबा १८० फूट डावीकडे. स्लेड (म्हणजे स्नोमोबाइलच) ट्रेलवर ठेवून चालत जायला हवं होतं, पण मी ती आतच घातली. यंत्रानं दाबलेला ट्रेल घट्ट असतो, पण हातभर बाजूला सरकलं की नुसता भुसा. पुढच्या स्की वर राहिल्या आणि मागचा पट्टा खाली गेला. घाबरून गॅस दिला, तसा पट्ट्यानं आणखी खड्डा खणला. उतरले तर मी कमरेपर्यंत आत. पाऊण तास आम्ही दोघी हातांनी बर्फ उपसत होतो. लेकीचे मोजे ओले झाले होते आणि ती एकदम बोलायची थांबली, त्याची मला जास्त भीती वाटली. फोन ४० टक्क्यांवरून थेट बंद. नवरा केबिनवर होता, पण आम्ही नेमक्या कुठे आहोत हे त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी मागून आलेल्या दोघांनी स्की धरून ओढलं.

या वर्षी लेकीनं सहा डब्यांची यादी केली आहे. त्यातला एक तळ्यातल्या बेटावर आहे. आमच्या वाटेवरून बेटापर्यंत गोठलेल्या तळ्यावरून अर्धा मैल अंतर, आणि तिथे आधी गेलेल्या स्लेडच्या खुणाही असतात म्हणे. जावं का? किती जाडीचा बर्फ पुरतो? शिवाय तीन-चार फूट बर्फाखाली डबा सापडतो तरी कसा? मला तिचा उत्साह मोडायचा नाही, पण गेल्या वर्षीसारखी वेळ पुन्हा नको.

उत्तरवारा:
ताई, आधी तळ्याचं बोलतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात.

मिनेसोटाच्या डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा) हिशोब असा: नवा, पारदर्शक बर्फ असेल तर चालायला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच. पांढरा, दुधी बर्फ असेल तर दुप्पट धरायचं. पण ती जाडी जिथे भोक पाडलं तिथलीच. ओढा तळ्याला मिळतो किंवा तळ्यातून निघतो तिथे, खालून झरा असेल तिथे आणि दोन बेटांमधल्या चिंचोळ्या भागात पाणी हलतं, म्हणून थर पातळ राहतो. वर पडलेला बर्फ दुलईसारखं काम करतो, त्यामुळे खालचा थर हळू वाढतो. शिवाय त्या ओझ्यानं थर वाकून भेगांतून पाणी वर येतं, आणि वरून पांढरंशुभ्र दिसणाऱ्या बर्फाखाली रबरबीत लगदा होतो. स्लेड त्यात रुतली की काढणं महाकर्मकठीण.

आणि दुसऱ्याच्या खुणा म्हणजे तो तिथून गेला, एवढंच. कधी गेला, हे खुणा सांगत नाहीत.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट १-१०-१ सांगतात. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे बाहेर पडायला तुमच्या हातात ती दहा मिनिटंच. आइस पिक्स (दोन मुठी, टोकाला खिळे) गळ्यात अडकवा, सामानाच्या पिशवीत ठेवून काही उपयोग नाही. पडलात तर आलात त्याच बाजूला वळा, खिळे रोवा, पाय झाडत पोटावर वर या आणि उभं न राहता लोळत लांब व्हा.

माझं मत विचारता म्हणून स्पष्ट सांगतो: लेक मागे बसलेली असताना, स्वतः भोकं पाडून मोजल्याशिवाय मी त्या बेटावर जाणार नाही. सुपीरियर सरोवराच्या बर्फावर तर मुळीच नाही, वारा सुटला की तिथला बर्फ किनाऱ्यापासून सुटून आत वाहत जातो.

रुतलात तर गॅस सोडायचा. उतरून स्कींच्या पुढचा आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा बर्फ तुडवून घट्ट करायचा, मग एकीनं स्की ओढायची आणि दुसरीनं अगदी हलका गॅस द्यायचा. घडीचं फावडं न्याच. डब्यासाठी स्लेड ट्रेलच्या उजव्या कडेला, वळणापासून लांब उभी करायची आणि स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद जाळ्या) घालून चालत जायचं.

गूळपोळी:
रानजाई, डब्याचं मी सांगते. आम्ही मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात सात वर्षं हेच करतोय.

जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर प्रत्येक डब्याच्या पानावर चिन्हं असतात. हिमकण असेल तर हिवाळ्यात मिळण्यासारखा, स्नोमोबाइलचंही वेगळं चिन्ह असतं. टेरेन, म्हणजे वाट किती अवघड याचा आकडा, १ ते ५ असतो. ५ असेल तर त्याला खास साधन लागतं, बेटांवरचे डबे बहुधा यातच. त्याहून कामाचं म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत इतरांनी लिहिलेल्या नोंदी वाचायच्या. "फांदीला टांगलेला" असेल तर निघायचं, "मुळाशी, दगडाखाली" असेल तर यादीतून काढायचा. स्प्रूसच्या दाटीत जीपीएस पंधरा-वीस, कधी तीस फूट चुकतो, एवढा बर्फ कोण उपसणार?

फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. हातातला जीपीएस असेल तर लिथियम सेल, साधे सेल थंडीत मान टाकतात. बॉलपेनची शाई गोठते, पेन्सिल न्या. जाड हातमोज्यांच्या आत पातळ मोजे घाला, म्हणजे डबा उघडताना बोटं उघडी पडत नाहीत. लेक मागे बसून काही करत नसते, ती तुमच्या आधी गारठते. दर अर्ध्या तासाला तिचे गाल आणि नाकाचा शेंडा बघा, पांढरट डाग दिसला की डबा सोडून ऊब.

ट्रेलवर फोनला रेंज मिळेलच असं नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्या. आणि १९७६ नंतरचा जन्म असेल तर मिनेसोटात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, ते आहे ना?

रानजाई:
सर्टिफिकेट आहे. दोघांचे मनापासून आभार, काल रात्री लेकीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं.

नोंदी वाचून तिनंच यादी सहावरून तीनवर आणली. स्नोशूज, फावडं, आइस पिक्सचे दोन जोड आणि उपग्रहाचं यंत्र ठरलं. कुठल्या ट्रेलनं जाणार आणि किती वाजता परतणार हे कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं, उशीर झाला तर नवरा फोन फिरवेल.

बेटावरच्या डब्यावर मात्र बराच वाद झाला. ती रुसून खोलीत गेली, अर्ध्या तासानं बाहेर आली आणि त्याच्यापुढे जुलै लिहिलं. कनू (वल्ह्यांची छोटी होडी) भाड्यानं घ्यायची आहे, तेव्हा त्याचं पुन्हा विचारीनच.