मदत हवी आहे: काविळीत आयर्न जास्त झिंक कमी, गोळी चालू करू का?

परभणी_एक्सप्रेस: भावाला कावीळ झालीय. रिपोर्टमधे फेरिटिन (अंगातल्या लोहाचा साठा दाखवणारं) ११४०, सीरम आयर्न पण जास्त, झिंक ५२ आणि कॉपर थोडं वर. डॉक्टर म्हणले काही नाही आराम करा, पण एवढे लाल आकडे असून काही नाही कसं? मेडिकलवाला झिंक घ्या म्हणतो, मावशी म्हणते अशक्तपणा आलाय आयर्नचं टॉनिक द्या. सगळे वेगवेगळं सांगायलेत. लवकर सांगा.

बीडचा_बंडू: वय? लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीपीटी, बिलिरुबिन किती? अन् कावीळ कोणती, ए, बी का ई?

माजलगाव७१: माळ घाला. आमच्या पोराची माळ गळ्यातून पोटापर्यंत लांबली अन् आठ दिवसात कावीळ उतरली. उसाचा रस द्या, हळद बंद.

बीडचा_बंडू: काका, माळेचा दोराच सैल होत जातो तशी ती लांबते. अन् रस कुठल्या पाण्याचा, कुठल्या बर्फाचा ते बघा आधी, कावीळ तिथूनच येती.

नांदेड_लॅबवाला: आयर्न, फेरिटिनला घाबरू नका, पण टॉनिक अजिबात देऊ नका. लोह लिव्हरमधेच साठलेलं असतं, पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं म्हणून आकडा चढतो. एसजीपीटी उतरलं की तो पण उतरतो. झिंकचं उलटं, सूज आली की लिव्हर रक्तातलं झिंक आत ओढून घेतं, शिवाय ते अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनला चिकटून फिरतं, अल्ब्युमिन घटलं की झिंकचा आकडा पण घटतो. म्हणजे अंगातलं झिंक संपलंच असं नाही. सॅम्पल जेवणानंतर दिलं होतं का? तेव्हा पण कमी येतं.

लातूर_लिंबू: कॉपर वर म्हणजे विल्सन (अंगात कॉपर साठायचा आजार) असेल! माझ्या मामेभावाला तेच निघालं होतं.

नांदेड_लॅबवाला: ओ, विल्सनमधे रक्तातलं एकूण कॉपर बहुतेक वेळा कमीच दिसतं. कॉपर ज्या प्रोटीनवर बसून फिरतं ते सुजेत वाढतं, म्हणून इथं थोडं वर दिसतंय.

परभणी_एक्सप्रेस: वय २२, एसजीपीटी १८६०, बिली ९. सॅम्पल दुपारी जेवून दिलं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितो आम्ही, त्यानं वाढलं का कॉपर?

लातूर_लिंबू: हंड्याचं काय घेऊन बसलात, हंड्यात टाकायला पाणी तर पाहिजे. २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस आठवले की अजून...

सेलूची_ताई: हेपॅटायटिस बी ची लस घेतली का सगळ्यांनी? तीन डोस असतात.

बीडचा_बंडू: ताई, तो झिंक विचारायलाय. भाऊ, कावीळ कोणत्या विषाणूची ते सांगणारा आयजीएमचा रिपोर्ट कुठाय? आयएनआर (रक्त गोठायची टेस्ट) केलं का? झोपाळल्यासारखा, बडबडल्यासारखा करत असंल तर इथं टाइप करत बसू नको, ॲडमिट कर. अन् घरात कोणी गरोदर?

परभणी_एक्सप्रेस: आयएनआर १.२, भाऊ नीट बोलतोय. आयजीएम हेप ई पॉझिटिव्ह लिहिलंय, ते तर सगळ्यांचंच येतं ना? मिसेस ७ व्या महिन्यात आहे पण तिला काही त्रास नाही, मी झिंकचं विचारलं होतं.

नांदेड_लॅबवाला: अरे देवा, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! ई चा विषाणू विष्ठेतून पाण्यात जातो अन् गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. आजच्या आज त्यांच्या डॉक्टरला दाखवा. सगळ्यांना उकळलेलं पाणी, भावाचा संडास जमलं तर वेगळा, साबणानं हात. झिंकचं नंतर बघू.

परभणी_एक्सप्रेस: कपडे घालतोय. कोणीच सांगितलं नाही हे.

माजलगाव७१: मग माळ ठेवायची का काढायची?