मदत हवी आहे: वडील ६१, पुतण्या १७, ट्रॅक्टर एक, लायसन्स फक्त माझ्याकडं

नमस्कार मंडळी. आम्ही माढा तालुक्यातले, चार एकर ऊस, दोन एकर डाळिंब आणि घरचा एक ४५ एचपीचा ट्रॅक्टर. कारखान्यात मोळी पडायला आता फार दिवस राहिले नाहीत आणि त्याआधी मला एक गोष्ट मार्गी लावायचीये म्हणून लिहितोय, जरा लांबेल, समजून घ्या.

ट्रॅक्टर आमच्याकडं आण्णा चालवतात, म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं झाली, शाळा चौथीपर्यंत, लायसन्स कधी काढलंच नाही, कुणी मागितलंही नाही. भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढावर अशी काढतात की वरची एक मोळी हलत नाही, पण कागद काय नाही. मी पुण्याला नोकरीला, माझं लायसन्स मोटरसायकल आणि कारचं म्हणजे एलएमव्ही (हलकं वाहन), शनिवार-रविवार गावी असलो की मी चालवतो. बाकी दिवस आण्णा, आणि वर्षभरापासून मोठ्या भावाचा पोरगा, तो सतरा पूर्ण आहे, अठराला अजून आठ महिने, रोटर-पेरणी सगळं व्यवस्थित करतो आणि हल्ली रोडनं पण ट्रॅक्टर नेतो.

आता हे सगळं डोक्यात का आलं ते सांगतो. मागच्या हंगामात शेजारच्या गावातल्या एकाची उसाची ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती, मागचा रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, मोटरसायकलवाला मागून धडकला आणि जागेवरच गेला. ट्रॅक्टरचा विमा चालू होता पण चालवणाऱ्याकडं लायसन्स नव्हतं. गेल्या महिन्यात तो मालक माझ्याकडं एक इंग्रजी नोटीस वाचून घ्यायला आला, खताच्या पावत्यांच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेली. विमा कंपनीनं मयताच्या घरच्यांना दिलेले पैसे आता याच्याकडून वसूल करायचेत. मी वाचत होतो तर त्याची बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जमीन जाती का ओ?" मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून रात्री आण्णांची खेप असली की मला पुण्यात झोप लागत नाही.

तर माझं विचारणं असं, की माझ्या एलएमव्हीवर ट्रॅक्टर चालतो का आणि मागं भरलेली ट्रॉली असली तरी चालतो का, का त्याला बॅज, म्हणजे कमर्शियल गाडीची वेगळी परवानगी लागते, एजंट एक सांगतो आणि विमावाला दुसरंच. आण्णांना या वयात चौथी शिक्षणावर लायसन्स मिळेल का. पुतण्यानं निदान शेतात चालवलं तर चालेल का. आणि डाळिंबासाठी जुनी पिकअप घ्यायचा विचार आहे, तिला कुठलं लायसन्स लागेल. ज्यांना नक्की माहितीये त्यांनीच सांगा, ऐकीव नको, प्लीज.

काळीमाती:
दादा, पहिलं तर मनातली भीती काढा, तुमचं एलएमव्ही ट्रॅक्टरला चालतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये हलक्या वाहनाची जी व्याख्या आहे कलम २(२१), त्यात ट्रॅक्टर नाव घेऊन लिहिलाय, रिकामं वजन ७५०० किलोच्या आत पाहिजे एवढंच. आपला ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास भरतो, म्हणजे प्रश्नच मिटला. ट्रॉलीचं म्हणाल तर २००१ ला सुप्रीम कोर्टानं नागशेट्टी केसमध्ये सांगितलंय की मागं ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स बाद होत नाही. केंद्राच्या १९८९ च्या नियमात पण शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे, म्हणून तर पांढरी नंबर प्लेट असती. फक्त त्याच ट्रॅक्टरनं भाड्यानं वाळू-विटा ओढू नका, पॉलिसी शेतीकामाची असती आणि कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवती.

फुलगिअर:
मी बारा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलला शिकवतेय, आण्णांचं मी सांगते. मिळतं, वयाची वरची मर्यादा नाही आणि घरगुती वाहनाच्या लायसन्सला शिक्षणाची अट कधी नव्हतीच, आठवी पासची अट होती ती कमर्शियलला, ती पण २०१९ ला काढली. आधी कच्चं लायसन्स, त्याची परीक्षा मराठीत देता येते, खुणा आणि साधे नियम विचारतात. आधार जोडून घरूनही देता येते पण दादा तुम्ही त्यांच्या जागी बसून देऊ नका, लोक सर्रास देतात आणि माणसाला शेवटपर्यंत खुणा कळत नाहीत ते वेगळंच. चाळिशीच्या वर आहेत म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, फॉर्म १-अ. डोळे आत्ताच तपासून घ्या, मोतीबिंदू असला तर आधी त्याचं बघा, रात्रीची खेप आहे म्हणताय. कच्चं मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, कच्चं ६ महिने चालतं. तालुक्याला आरटीओचा कॅम्प असतो त्याची तारीख बघून ठेवा.

आता मेन अडचण, ती कुणी सांगत नाही. कच्च्या लायसन्सवर शेजारी लायसन्सवाला शिकवणारा बसलेला पाहिजे असा नियम आहे आणि ट्रॅक्टरवर दुसरी सीटच नसते, मडगार्डवर माणूस बसवणं बेकायदा. म्हणून मी शेतकऱ्यांना सांगते की महिनाभर स्कूलच्या कारवर या, टेस्ट कारवर द्या, एलएमव्ही निघालं की ट्रॅक्टर त्यातच आला. ज्यांचा हात ट्रॅक्टरवर बसलाय त्यांना कार दोन दिवसात येते, फक्त क्लच दणकन सोडायची सवय मोडावी लागते. साठीच्या पुढं लायसन्स ५ वर्षांचं मिळतं, रिन्यूची तारीख लिहून ठेवा.

कोर्टाची_पायरी:
मी अपघाताच्या केसेस बघतो. तुमच्या शेजाऱ्याचं जे झालं त्याला आम्ही 'आधी भरा, मग वसूल करा' म्हणतो, २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हे रूढ झालंय. मयताच्या घरच्यांना पैसे मिळावेत म्हणून कंपनीला आधी भरायला लावतात आणि लायसन्स नसताना मालकानं गाडी हातात दिली असेल तर तीच रक्कम मालकाकडून घ्यायची मुभा देतात. त्यांना सांगा, नोटीस पिशवीत ठेवून बसू नका, निकालाची प्रत घेऊन लगेच वकील गाठा, अपिलाला मुदत असते. आणि ट्रॉलीची नोंदणी, विमा वेगळा बघा, पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का ते आजच वाचा, बऱ्याच जणांचा फक्त इंजिनाचा असतो.

पुतण्याचं मी कडक सांगणार. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलंय. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. स्वतःच्या रानात बांधाच्या आत चालवतो तोवर लायसन्सचा प्रश्न येत नाही, कारण कायदा सार्वजनिक जागेबद्दल बोलतो. पण पाणंद, शिवरस्ता हे सगळे सार्वजनिकच, लोकांना जायचा हक्क आहे ना. एका वावरातून दुसऱ्यात जायला शंभर फूट पाणंद लागली तरी तेवढ्यापुरता मोठा माणूस बसवा. आणि रोटर लावलेला असताना सतरा वर्षांच्या पोराला एकटं सोडू नका, हे कायद्याचं नाही, मी पाहिलंय म्हणून सांगतोय.

काळीमाती:
पिकअपचं राहिलं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजनी निकाल दिलाय, भरलेल्या गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर साध्या एलएमव्हीवर मालवाहू गाडी चालते, वेगळा बॅज नको. छोटा हत्ती, पिकअप सगळं त्यात बसतं. आरसी बुकात ग्रॉस वेट लिहिलेलं असतं, एजंटच्या तोंडावर जाऊ नका, ते बघा. दहा टायर ट्रकला मात्र हे लागू नाही. लायसन्स साधं चाललं तरी गाडी पिवळ्या पाटीचीच राहणार, जुनी घेताना फिटनेस आणि विमा चालू आहे का बघून घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार, ताई तुमचे विशेष. रविवारी गावी जाऊन बोललो. आण्णा आधी गप्प बसले, मग म्हणाले पस्तीस वर्षात कुणाला खरचटलं नाही माझ्या हातनं. मी त्या नोटिशीचा आकडा सांगितला तसे उठले आणि पोराच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडून आईच्या हातात दिली. पुतण्या दोन दिवस बोलत नाहीये माझ्याशी, पण आता रोडनं नेत नाही. पॉलिसी काढून बघितली, ट्रॉलीचा नंबर खरंच नव्हता, एजंटला फोन केलाय. पक्कं होईपर्यंत रात्रीच्या खेपेला लायसन्सवाला ड्रायव्हर लावतोय, मागं नवीन रिफ्लेक्टर पट्टी लावून घेतली. डोळे गुरुवारी तपासायचेत. आता फक्त एक, रस्त्याच्या खुणांचा मोठ्या अक्षरातला मराठी तक्ता कुणाकडं असेल तर इथं टाका, आण्णांना मोबाईलवर बारीक दिसत नाही, भिंतीला लावून देतो.