पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने कामासोबत अभ्यास नेमका कशातून करावा?

प्रश्न (जेआर १, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट, मेडिसिन, मुंबई)

सर्वांना नमस्कार. मी एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. युनिटचा इमर्जन्सी डे (तातडीचे रुग्ण दाखल करून घेण्याचा दिवस) असला की दुसऱ्या दिवशीचा राउंड संपेपर्यंत टेकायलाही सवड मिळत नाही, आणि उरलेला वेळ रिपोर्ट गोळा करण्यात, इतर विभागांना रेफरन्स पाठवण्यात आणि डिस्चार्ज कार्डे लिहिण्यात जातो. प्रवेश परीक्षेसाठी घेतलेल्या अ‍ॅपची मुदत शिल्लक असल्याने रात्री त्यावरची व्याख्याने ऐकते. पण तिथे ऐकलेले सकाळी खाटेजवळ उभे राहिल्यावर आठवत नाही. सध्या वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला आहे, आणि तरीही त्यांच्याकडून मी फारसे शिकत नाही, ही खंत आहे. मोठा ग्रंथ पहिल्या पानापासून वाचावा का? विश्वासार्ह आणि मोफत साधने कोणती? थिसिसची सिनॉप्सिसही (आराखडा) लवकरच द्यायची आहे.

उत्तर १ (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)

तुमची खंत रास्त आहे. प्रवेश परीक्षेची साधने चार पर्यायांतून एक निवडायला शिकवतात. वॉर्डात पर्याय कोणी मांडून देत नाही, ते आपल्यालाच सुचावे लागतात. म्हणून ग्रंथ पहिल्या पानापासून वाचू नका. प्रत्येक इमर्जन्सीतला एक रुग्ण निवडा, त्याच्याविषयी पडलेला एक प्रश्न लिहून ठेवा आणि झोपेची भरपाई झाल्यावर तेवढ्यापुरतेच, पण पूर्ण वाचा.

उदाहरण सध्याच्या हंगामातलेच घेऊ. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लालसर डोळे, फिकट कावीळ, प्लेटलेट कमी आणि क्रिएटिनिन वाढलेले. मूत्रपिंड बिघडूनही पोटॅशियम चढलेले नाही, उलट कमीच आहे, हे रिपोर्टात दिसले की तिथे थांबायला हवे, कारण लेप्टोस्पायरोसिसमध्ये (लेप्टो, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूसंसर्ग) हे बऱ्याचदा आढळते. अशा रुग्णाची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून निदान मागे घेऊ नये. प्रतिपिंडे दिसू लागायला साधारण आठवडा लागतो आणि अँटिबायोटिक तोवर थांबू शकत नाही. गुडघाभर पाण्यातून चालत आला होता का, पायाला जखम होती का, हे विचारणे मुंबईत तरी कधीही चुकवू नये. २००५ च्या महापुरानंतर या शहरात लेप्टोचे रुग्ण वाढले होते. एवढे वाचून झाल्यावर त्याच रुग्णाकडे परत जा आणि पोटऱ्या पुन्हा दाबून पाहा. हे परत जाणेच बहुतेकांचे राहून जाते.

साधनांविषयी. आजार शरीरात नेमके काय करतो हे समजण्यासाठी ग्रंथातले प्रकरण लागतेच, त्याला पर्याय नाही. पहिल्या तासात काय करायचे यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज’ पाहा. ती मोफत आहेत, थोडक्यात आहेत आणि आपल्याकडे उपलब्ध असलेली औषधे व तपासण्या गृहीत धरून केलेली आहेत. परदेशी मार्गदर्शक तत्त्वे त्यानंतर वाचावीत. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीतर्फे १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ही सर्वांना खुले आहे. त्यातले केस रिपोर्ट वाचताना निदानापाशी पोहोचण्याआधी थांबून आपले निदान लिहावे.

उत्तर २ (जेआर ३, मेडिसिन)

सरांशी पूर्ण सहमत आहे. हाताच्या कामाविषयी थोडे लिहितो. एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) काढणे सगळेच शिकतात, पण तो कागदावर सोडवायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. मेटाबोलिक अ‍ॅसिडोसिसमध्ये (रक्तातले आम्ल वाढल्यावर) बायकार्बोनेट १२ असेल, तर त्याची दीडपट १८, त्यात ८ मिळवले की २६. म्हणजे कार्बन डायऑक्साइड २४ ते २८ च्या दरम्यान अपेक्षित आहे. तो ३८ आला, तर आकडा नॉर्मल वाटत असला तरी रुग्ण श्वास घेऊन घेऊन थकत चालला आहे आणि लेक्चररना लगेच बोलवायचे आहे. हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा एका रात्रीत पक्के होते.

लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणे) किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत नळी घालणे) पहिल्यांदा करताना वरिष्ठ शेजारी हवाच, आणि तसे मागण्यात संकोच बाळगू नये. बीसीएलएस व एसीएलएसचे (हृदय बंद पडल्यावर करायच्या प्राथमिक व प्रगत उपचारांचे) प्रशिक्षण हजेरीपुरते उरकू नका. पुतळ्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब देण्याची लय हाताला बसली नसेल, तर वॉर्डात ती आयत्या वेळी येत नाही. तीन महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीकडेही (जिल्हा रुग्णालयातील नेमणूक) रजा म्हणून पाहू नका. सीटी नसताना केवळ तपासणीवर निर्णय घेणे मी तिथेच शिकलो.

उत्तर ३ (सहायक प्राध्यापक, जनऔषधवैद्यकशास्त्र)

थिसिसपुरते लिहिते. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तो सिनॉप्सिस देण्याआधी पूर्ण केल्यास नमुना किती घ्यायचा आणि का, हे तुम्हालाच ठरवता येईल. विषय आपल्या वॉर्डात नेहमी येणाऱ्या रुग्णांवरचा आणि नेहमीच्या तपासण्यांवर होणारा घ्यावा. संदर्भ पबमेडवर (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) शोधा. संपूर्ण लेख मिळत नसेल, तर महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा. संस्थेची कोणती नियतकालिके खुली आहेत हे त्यांनाच ठाऊक असते आणि रेसिडेंट त्यांच्याकडे फारच क्वचित जातात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, रुग्णांची अशी वही ठेवायची तर त्यात काय लिहावे? सध्या मी रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवते.

उत्तर १ (सहयोगी प्राध्यापक, मेडिसिन)

फोटो काढून टाका. वहीत वय, मुख्य तक्रार, तुमचा प्रश्न, वाचून मिळालेले उत्तर आणि रुग्णाचे पुढे काय झाले, एवढेच असावे. नाव, इनडोअर नंबर किंवा ओळख पटेल असे काहीही नको. शेवटचा रकाना बहुधा रिकामा राहतो, कारण तोवर रुग्ण दुसऱ्या वॉर्डात गेलेला असतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा आयसीयूत आणि रेकॉर्ड विभागात चक्कर मारावी लागेल.