प्रतिसाद: मशिनिस्टची अप्रेंटिसशिप, वर्ष फुकट जातं का?

वर एकांनी विचारलंय की मुलाने दोन वर्षांचं आयटीआय मशिनिस्ट (मशीनवर धातूचे भाग कापून बनवायचा ट्रेड) केलंय, आता अजून वर्षभर अप्रेंटिसशिप कशाला, सरळ नोकरीच का नको. मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात अप्रेंटिस होतो, म्हणून लिहितो.

पहिले दोन महिने मला मशीनला हातच लावू दिला नाही हो, नुसती कानस आणि एमएसचा (साध्या पोलादाचा) तुकडा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाला धरायचा, फट दिसली की परत घास. तेव्हा जाम राग यायचा. मग मिलिंगवर (फिरत्या कटरने धातू कापायच्या मशीनवर) घेतलं आणि पहिल्याच जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, हँडलवरचा डायल दोन रेघा पुढे गेला, मी आपला शहाणा, हँडल उलटं फिरवून रेघेवर आणलं आणि कट मारला, जॉब भंगारात! आमचे उस्ताद म्हणाले, अरे स्क्रूला बॅकलॅश असतो, म्हणजे हँडल उलटं फिरवलं तरी टेबल लगेच मागे सरकत नाही, नुसतं मागे आणून काय उपयोग, अर्धा फेरा मागे जा आणि परत पुढून ये. व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत माप दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१, हे पुस्तकात वाचलेलं, पण मायक्रोमीटर किती आवळायचा ते बोटांनाच कळावं लागतं.

स्टायपेंड मात्र उशिरा यायचा आणि झाडलोटही आमच्याच गळ्यात, ते खोटं कशाला सांगू.

रजिस्ट्रेशन सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर झालंय ना तेवढं आधी बघा, नाहीतर वर्षभर राबून शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. आणि वर्कशॉपात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे का तेही विचारून घ्या.