नागकेशर म्हणजे नेमकं कोणतं?

उन्हाळ्यात मसाल्याची यादी घेऊन जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानात गेलं की धणे, दगडफूल, रामपत्री, बाद्यान यांच्या जोडीला नागकेशर बांधून मिळतं. काया (काळ्या) मसाल्याच्या यादीत ते बहुतेक घरी असतंच. झाड मात्र आपल्या कोरड्या मुलखातलं नाही, त्यामुळे शब्दाचा अर्थ आपण पुडीतल्या मालावरून लावतो. तिथेच घोळ होतो.

मूळ शब्द फुलातल्या केसरांचा आहे. नागचाफा हा दमट जंगलातला सदाहरित वृक्ष. पालवी तांबडीलाल, फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, सुवासिक आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. हे पुंकेसर वाळवले की नागकेसर. ‘श’ आणि ‘स’ दोन्ही चालतात. अमरकोशात चाम्पेय, केसर, नागकेसर अशी नावं एका ओळीत येतात. लाकूड इतकं टणक की शास्त्रीय नावातच लोखंड आलं: मेसुआ फेरिया. श्रीलंकेचा हा राष्ट्रीय वृक्ष.

आता मसाल्यातला एक दाणा तळहातावर घ्या. बारीक देठ, त्यावर इवलीशी वाटी, वाटीत गोल दाणा. पुंकेसराचा धागा कुठेच नाही. चावलात तर दालचिनीची चव येते, कारण ते दालचिनीच्या कुळातल्या झाडाचं कोवळं फळ आहे. व्यापारात याला काळं नागकेशर म्हणतात. तांबडं नागकेशर आणखी वेगळं: कोकणातल्या सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या. रेशीम रंगवायलाही त्या वापरत.

म्हणजे नाव एक, झाडं तीन. काळ्याला ‘नकली’ म्हणणं मला पटत नाही. मसाल्यात तोच अर्थ रुळला आहे आणि चवही त्याचीच हवी असते. औषधाची गोष्ट निराळी. दालचिनी, वेलची, तमालपत्र आणि नागकेसर मिळून आयुर्वेदातलं चातुर्जात हे मिश्रण होतं. तिथे वैद्याला पुंकेसर अपेक्षित असतात. काळे दाणे टाकले तर दालचिनीचाच भाऊबंद दुसऱ्यांदा पडतो. म्हणून औषधासाठी मागताना ‘नागचाफ्याचं केसर’ असं स्पष्ट म्हणावं.

पण ‘नागचाफा’ शब्दही आता सरळ राहिलेला नाही. नर्सरीत या नावानं बहुतेकदा पांढऱ्या फुलांचा, खुरचाफ्याच्या जातीचा एक परदेशी चाफा देतात. पानाचं टोक नागाच्या फण्यासारखं पसरट, म्हणून हे नाव. कैलासपती नावाच्या झाडालाही काही जण नागचाफाच म्हणतात. रोप घेताना पान बघा: खऱ्या नागचाफ्याचं पान अरुंद, भाल्याच्या पात्यासारखं टोकदार असतं आणि पानं समोरासमोर जोडीनं येतात.